दाराबाहेरचे बूट

फ्रीगंजमधल्या बेघर बायकांच्या संस्थेतून निघताना तिथल्या सुलूताईंनी माझ्या हातात माधवनगरातल्या किरायाच्या खोलीची चावी आणि पुरुषाचे जुने बूट ठेवले. "दाराबाहेर ठेव. एकट्या बाईला कोणी मकान देत नाही. विचारलं तर सांग, नवरा ट्रकवर असतो." मी तेच सांगितलं, पाच वर्षांच्या लेकीकडूनही पाठ करून घेतलं. खाली घरमालकीणबाईंच्या दारातही बूट असत. त्यांचे साहेब म्हणे रेल्वेत, सदा ड्यूटीवर. चौथ्या महिन्यात भर दुपारी त्या वर आल्या आणि बुटांपाशीच थांबल्या. "मिस्टर आले नाहीत?" "आले होते ना, रविवारी." "बूट तर पहिल्या दिवसापासून जागचे हलले नाहीत." लेकीनं माझा पदर धरला. आता खोली गेली. बाईंनी वाकून एक बूट आडवा केला. "रोज हलवत जा गं. खालचे मी अकरा वर्षं हलवतेय."