गिळलेली शिट्टी

"आई, तू घरातच होतीस ना? मग भुऱ्यानं ती शिट्टी गिळलीच कशी?" निनादनं फोनवर विचारलं.

कुत्र्याचं रबरी बदक फाटलंय, आतली शिट्टी बाहेर आलीय, असं कुमुदताईंनी मुलाला दोनदा सांगितलं होतं. "त्याचं लाडकं आहे, राहू दे," म्हणत त्यानंच ते फेकू दिलं नव्हतं.

आता मात्र तो ऑफिसमधून धावत आला. ओकून ओकून गळून गेलेल्या भुऱ्याला उचलून त्यानं प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. आतड्यात अडकलेली शिट्टी ऑपरेशन करून काढेपर्यंत कुमुदताई देवापाशी बसून होत्या. त्यांचाही जीव होता त्याच्यात.

भुऱ्या वाचला. घरी आणल्यावर निनाद त्याच्या अंगावरून हात फिरवत राहिला. "मुकं जनावर गं आई. कितीही दुखलं तरी बिचाऱ्याला सांगता येत नाही. त्याला जरा पातळ भात करशील?"

कुमुदताई दिवाळीपासून पोट दुखतंय म्हणून सांगत होत्या. सोनोग्राफीला 'या शनिवारी नक्की नेतो तुला' असं निनादनं म्हणता म्हणता होळी होऊन गेली होती.

"सांगता येत नाही, तेच बरं," म्हणत त्या भात टाकायला उठल्या.