सात पावलांची येरझार

कोठडीत दारापासून भिंतीपर्यंत सात पावलं भरायची. पहिल्या वर्षी रंगाऱ्याला ती जागा खायला उठायची. पुढे पायांनीच तिच्याशी जमवून घेतलं. सात पावलं, वळायचं, पुन्हा सात. दिवसभर पायाला भिंगरी लागलेली. शेजारचा म्हातारा कैदी ओरडायचा, "अरे, फरशी झिजवशील!"

महिन्याच्या भेटीला बायको आली ती सुकलेल्या तोंडाने. जाळीपलीकडून म्हणाली, "अहो, भरदुपारी घरात पावलं वाजतात. दारापासून सात, मग परत. तुमच्यासारखीच, डावा पाय घासत. पोरीच्या खाटेच्या एकच पाऊल अलीकडे वळतात."

रंगाऱ्याने आपल्या येरझारांचं तिला कधी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून तो कोठडीत बसूनच राहिला. पाय शिवशिवायचे, तेव्हा दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरायचा. महिनाभर त्याने एकही फेरी मारली नाही.

पुढच्या भेटीला ती समोर येताच त्याने विचारलं, "थांबली ना?"

बायको रडत नव्हती. तिने जाळीत बोटं अडकवली.

"आता आठ पावलं वाजतात," ती म्हणाली. "आणि परतीची वाजतच नाहीत."