दातांवरून

दातांचं चक्र कारागिराने टेबलावर ठेवलं आणि त्याच्याभोवती मातीचा जबडा चढवायला घेतला. शुक्रवारी संग्रहालयाचं नवं दालन उघडायचं होतं. प्राचीन समुद्रातला हा शिकारी मासा करवतीच्या पात्यासारखे गोल फिरलेले दात तेवढे मागे ठेवून गेलेला. बाकी अंग मऊ कूर्चेचं, कधीच विरून गेलेलं. विद्वानांनी ते चक्र आधी नाकावर बसवलं, मग पाठीवर, अगदी शेपटीवरसुद्धा. शंभर वर्षं हा घोळ चालला, आणि माशाला विचारायची काही सोय नव्हती.

"चार दिवस घरी थांबायचं होतंत," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "वडील परवाच तर गेले."

"घरी बसून काय करू?"

त्याला रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती. ओली माती तेवढी हाताला बरी वाटत होती.

फोन वाजला. धाकटी बहीण होती.

"दादा, बाबांची कवळी बेसिनवरच्या पेल्यात होती. दिसत नाही."

"माझ्याकडे आहे."

"त्यांना तसंच पाठवलं रे आपण. बोळक्या तोंडाने. मला आता तोच चेहरा दिसतो. जगाचे जबडे बसवतोस ना तू? तुला एवढंही सुचू नये?"

त्याने खिशातला रुमाल चाचपला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माशाचे दात जागच्या जागी बसवणाऱ्याला सख्ख्या बापाचे दात आयत्या वेळी आठवले नव्हते. डोळे मिटले की त्यालाही ते आत गेलेले गालच दिसत. त्याआधीचा चेहरा काही केल्या आठवेना.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. त्याने खिशातला रुमाल सोडला, कवळी बाहेर काढली आणि मातीचा नवा गोळा घेतला. दातांच्या ठेवणीवरून हनुवटी निघाली. मग गाल भरले. वीस वर्षांचा सराव होता, हात कुठे चुकला नाही.

बाई परतल्या तेव्हा तो हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता. त्यांनी कवळी पाहिली, मग तो अर्धा चेहरा पाहिला.

"कुठे अडलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"ओठ," तो म्हणाला. "बाबा हसायचे कसे, हे दातांवरून कळत नाही."