विकाऊ यंत्र, चालू स्थितीत

"त्या डब्यात मुंग्यांनी घर केलंय, आणि तू त्यांना माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून सोडलंस!" नोरीन ओरडली.

तिच्या नवऱ्यानं, मर्व्हनं, मान वर केली नाही. त्याच्या जुन्या धातुशोधक यंत्राचं पोट उघडं पडलं होतं आणि तो आतल्या मुंग्यांना फुंकर मारून हाकलत होता. ऑस्ट्रेलियातल्या डनॉलीच्या रानात सोनं हुडकणाऱ्या बाकीच्यांनी केव्हाच नवी, हलकी यंत्रं घेतली होती. मर्व्हचं यंत्र मात्र त्याच्यासारखंच जुनं, आणि कुरकुरायचंही तसंच.

दुरुस्तीपायी तीन आठवडे तो घरातच होता. जमिनीवरून फिरवायच्या चकतीपासून वर येणारी वायर तुटली होती, ती त्यानं जोडली. बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता, तो व्हिनेगर लावून टूथब्रशनं घासून काढला. ब्रश नोरीनचा होता. मधल्या वेळात भांडी कशी विसळावीत हे तो तिला शिकवायचा. एकदा तर त्यानं स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. दोन दिवस तिला साखर सापडेना.

शेवटी नोरीननं गावातल्या दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. यंत्र विकणे आहे, चालू स्थितीत.

"वीस वर्षांत काय काढलं रे त्यानं? खिळे, घोड्याचे नाल आणि बिअरची बुचं! गेलं की सुटले मी."

मर्व्हनं यंत्र छातीशी ओढलं. यंत्र गेलं म्हणजे रान गेलं, आणि रान गेलं की खुर्चीत बसून मरायची वाट बघायची. पण नोरीनपुढे त्याची डाळ आजवर कधी शिजली नव्हती. शुक्रवारी तो जेवलाच नाही. नोरीननं ताट उचललं.

शनिवारी मेलबर्नहून गिऱ्हाईक आलं. स्टॅव्रो नावाचा गुबगुबीत खानावळवाला, सोन्याचं खूळ नव्यानंच लागलेला. त्याला बघताच मर्व्हनं खाणीतले जुने बूट चढवले, पुढून आत लोखंडी टोपी असलेले. अंगणात त्यानं यंत्र फिरवायला घेतलं. चकती डाव्या पायाशी आली, कुईं! उजव्या पायाशी गेली, पुन्हा कुईं!

"हे सारखं का रडतंय, गड्या?" स्टॅव्रोनं विचारलं.

"म्हातारं झालंय बिचारं. काही भरवसा नाही," मर्व्ह तोंड पाडून म्हणाला.

"बूट काढ," पायरीवरून नोरीन म्हणाली.

"कुठले?"

"पायातले, शहाण्या! आणि मला वेड्यात काढू नकोस."

मर्व्ह मोज्यांवर आला आणि यंत्र सुतासारखं सरळ झालं. स्टॅव्रोनं खूश होऊन पाकीट काढलं. मर्व्हचं तोंड एवढंसं झालं.

"थांबा," नोरीन म्हणाली. "मी काही अगदीच कसाई नाही. पाण्याच्या टाकीमागे एकदा फिरव. पूर्वी तिथे खाणकामगारांचे तंबू होते. सोन्याचा कण जरी निघाला तरी यंत्र घरात राहील. नाही निघाला तर पाहुण्याचं. कबूल?"

दोघांनीही मान डोलावली. मर्व्हनं देवाचं नाव घेतलं. टाकीमागे तिसऱ्याच फेरीला असा गोड, गोल आवाज आला की त्याच्या अंगावर काटा आला. तो गुडघ्यांवर बसून खणायला लागला.

"माती लोण्यासारखी आहे की!" स्टॅव्रो वाकून म्हणाला.

"भोपळे लावतेय मी तिथे," नोरीन फटकन म्हणाली.

मातीचं एक लाल ढेकूळ वर आलं. त्याच्या कोपऱ्यातून पिवळं चमकलं आणि स्टॅव्रोचे डोळे बाहेर यायचे राहिले.

"दुप्पट देतो यंत्राचे!"

"दसपट दे, नाहीतर अख्खं मेलबर्न दे! नाही म्हणजे नाही!" मर्व्ह मोज्यांवरच नाचला. नोरीन कपाळावर हात मारून आत गेली आणि स्टॅव्रो हिरमुसून गाडीत बसला.

मर्व्ह ढेकूळ घेऊन अंगणातल्या नळाशी गेला.

"उद्या सकाळी तरी रानात जाशील ना रे?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "माझे डबे मला परत लावायचेत!"

"जातो की!" मर्व्ह ओरडला आणि त्यानं अंगठ्यानं माती चोळली. सोन्याचा खडा लख्ख झाला. वरच्या टोकाला साखळी ओवायची एक बारीक कडी निघाली, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा नोरीनसाठी त्यानंच डाग देऊन बसवलेली.