एका दुपारचं चित्र

संग्रहालयात ती लोकांना फुलांची जुनी चित्रं समजावून सांगायची. "ही फुलं एकत्र कधीच फुलत नाहीत. चित्रकार ज्या त्या ऋतूत श्रीमंतांच्या बागेत जाऊन एकेक फूल रंगवायचा. अशी फुलदाणी भिंतीवर असणं म्हणजे केवढा रुबाब!"

घरी चित्रकार नवऱ्याने कौतुकाने नवं चित्र दाखवलं. "समोर फूल असल्याशिवाय माझा ब्रश हलत नाही, ठाऊक आहे ना? म्हणून त्या वर्गमैत्रिणीच्या बागेत गेलो. एकदाच हं! एका दुपारीत उरकलं."

वर्गमैत्रीण म्हटल्याबरोबर तिच्या कपाळावर आठी उमटली. तिने चित्र निरखून पाहिलं. मोगरा, तेरडा, शेवंती.

"अहो," ती म्हणाली, "ही तुमची दुपार उन्हाळ्यात सुरू झाली आणि पार थंडीत संपली होय?"