कबुलीची तालीम

"बाहेरून," बायकोनं पुन्हा पढवलं. "बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून काढले, दार उतरवलं, अकरा घड्याळं घेतली. म्हणा."

सुतारानं म्हटलं. कोर्टाच्या व्हरांड्यातला बाक, हाताला बेडी, बेडीचं दुसरं टोक हवालदाराच्या मुठीत. हवालदारालाही एव्हाना चोरी तोंडपाठ झाली होती. सुतार आकड्यावर अडकला की तो इकडेतिकडे बघत हळूच "अकरा" म्हणायचा.

घड्याळाच्या दुकानाचं दार सुतारानं बनवलेलं, तेव्हा तोडणाराही तोच, एवढ्या पुराव्यावर तो अडीच वर्षं आत होता. जामीन वरच्या कोर्टानं दोनदा नाकारला. दुकानदार गाव सोडून गेला, साक्षीला येईना. खटला धड मरेना, धड जगेना. शेवटी वकिलानं हिशेब मांडला. नाही म्हणत बसलास तर आणखी दोन-तीन वर्षं कुठे गेली नाहीत. कबूल केलंस तर भोगली तेवढीच शिक्षा, आणि संध्याकाळी घरी. या घडीला निर्दोष राहण्यापेक्षा गुन्हेगार होणं तुला स्वस्त पडेल, असं म्हणून तो एकटाच हसला.

सुतार महिनाभर ऐकत नव्हता. कपाळावर चोरीचा शिक्का घेऊन उद्या कोणाच्या घरात रंधा घेऊन शिरायचं? मग आईनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी चार दिवस सांगितले. त्यातले दोन कोर्टाच्या सुट्टीत गेले. म्हातारी डोळे न उघडता एकच विचारत होती, आला का. हे ऐकलं आणि सुतार मुकाट्यानं चोर व्हायला तयार झाला.

पुकारा झाला.

न्यायाधीश बाई नुसत्या 'हो'वर भागवणाऱ्यातल्या नव्हत्या. माणूस कोणाच्या दडपणाखाली तर कबूल होत नाही ना, हे बघायचं काम कायद्यानं त्यांच्यावर टाकलं होतं, आणि त्या ते मन लावून करत. काय केलंत ते तुमच्या तोंडून सांगा, म्हणाल्या.

सुतारानं सगळं एका दमात सांगितलं. घड्याळंही बरोबर अकरा निघाली. मागच्या बाकावर बायकोचा श्वास मोकळा झाला. वकिलानं फाईल मिटली.

"स्क्रू बाहेरच्या बाजूला?" लिहिता लिहिता बाईंनी विचारलं. "म्हणजे दार बसवतानाच चूक झाली होती म्हणायची."

सुताराची मान ताठ झाली. मागून बायको एकदा खोकली. मग पुन्हा खोकली. अडीच वर्षांत त्याला चोर म्हणणारे ढिगानं भेटले होते. कामात चूक कोणी काढली नव्हती.

"चूक कशी होईल, मॅडम?" तो म्हणाला. "दार आत उघडतं. बिजागऱ्या आतून आहेत. दार लावलं की बाहेरून स्क्रू दिसतसुद्धा नाही. ते दार बाहेरून उतरवणारा अजून जन्माला यायचाय."

टंकलेखकाचे हात थांबले. बाईंनी चष्मा काढला आणि सुताराकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. मग त्यांनी हळू आवाजात मजकूर सांगितला. कबुली खरी वाटत नाही, सबब नामंजूर. खटला पुढे चालेल. तारीख सात आठवड्यांनंतरची. वकील धडपडत उठून आजारी आईचं बोलला. जामिनासाठी वरच्या कोर्टात जावं लागेल, बाई म्हणाल्या, आणि पुढची फाईल घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

हवालदारानं बेडी ओढली नाही. सुतार आपणहून उठेपर्यंत थांबला.

व्हरांड्यात बायकोनं वकिलाला गाठलं. "यांनी चोरी केली नाही, हे बाईंना पटलं ना?"

"पुरतं पटलं, ताई."

"मग सोडलं का नाही?"

"पटलं म्हणून."