गरातले जंतू

केमोमुळे धाकटीची प्रतिकारशक्ती तळाला गेली होती आणि डॉक्टरांनी कच्ची फळं बंद केली होती. "ताई, एकच स्ट्रॉबेरी दे ना गं," ती गयावया करायची. स्ट्रॉबेरीतल्या जंतूंवरच पीएचडी करणाऱ्या ताईचा जीव तुटायचा. शेवटी तिने प्रयोगशाळेच्या पद्धतीने फळं निर्जंतुक करून आणली.

"वरचे जंतू गेले गं, पण आतले?" आईने विचारलं.

"आई, आतले चांगले असतात. फळाला सडू देत नाहीत ते!"

धाकटीने मिटक्या मारत खाल्ली. आठवडाभरात ती तापाने फणफणली आणि गेली. तिच्या रक्तातला जंतू कोणाला ओळखू येईना, म्हणून रुग्णालयाने नमुना ताईकडेच पाठवला.


नमुन्यातून काचेच्या बशीत वाढलेले गुलाबी ठिपके ओळखायला ताईला सूक्ष्मदर्शकही लागला नाही; पीएचडीभर ती त्यांनाच जोपासत आली होती.